टेरिजियम, पुन्हा वाढणारे : शस्त्रक्रिया

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरण (नेत्रश्लेष्मकला) बहुधा नाकाच्या बाजूने त्रिकोणी आकारात बुबुळावर चढते, तो विकार. बोलीभाषेत ‘डोळ्यात मांस वाढणे’. सुश्रुतसंहितेत याला अर्म म्हटले असून, अपुरे कापल्यास ते लवकर पुन्हा वाढते असा इशाराही तेथे दिला आहे. मुख्य कारण उन्हातील अतिनील किरण. धूळ व कोरडा वारा त्यात भर घालतात. जळगाव-धुळ्याच्या कापूस व केळीच्या शेतांत राबणाऱ्यांना हे सगळेच सोसावे लागते. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या पाहणीत (अहवाल 2013) तिशीपुढील सुमारे 13 टक्के लोकांत हा विकार आढळला.

नुसते मांस खरडून जागा उघडी ठेवण्याची जुनी पद्धत झटपट होते, पण वेगवेगळ्या अभ्यासांत तिच्यानंतर 24 ते 89 टक्के डोळ्यांत मांस परतले. दुसऱ्या खेपेचे मांस जाड, रक्ताळ आणि खालच्या थरांना घट्ट चिकटलेले असते. कधी ते डोळ्याची हालचालही अडवते. अशा डोळ्यावर हीच पद्धत पुन्हा वापरणे समर्थनीय नाही.

पहिली पसंती रुग्णाच्याच नेत्रश्लेष्मकलेच्या कलमाला द्यावी. वरच्या पापणीखालचा निरोगी तुकडा उघड्या जागेवर टाके घालून किंवा फायब्रिन गोंदाने बसवतात. गोंद परवडत नसेल तर जखमेतले रक्तच गोठून कलम धरते. केन्यन यांच्या 1985 च्या अहवालात 57 पैकी 3 डोळ्यांतच मांस परतले. गर्भवेष्टनाचा पडदा (वारेवरील पातळ आवरण) लावण्याची पद्धत 1997 मध्ये कलमाशी ताडून पाहिली गेली. पुन्हा वाढलेल्या मांसात पडद्यानंतर 37.5 टक्के, तर कलमानंतर 9.1 टक्के डोळ्यांत ते परतले. तरीही काचबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वरची नेत्रश्लेष्मकला राखायची असेल किंवा ती आधीच वापरली गेली असेल, तेव्हा पडदाच उपयोगी पडतो. मायटोमायसिन-सी या औषधाने पुनर्वाढ घटते. मात्र मात्रा चुकल्यास डोळ्याचा पांढरा थर विरघळू शकतो. म्हणून ते अनुभवी हातांनीच वापरावे.

काढलेले मांस पॅथॉलॉजी तपासणीला पाठवावे, कारण कर्करोगाची वाढ कधी अशीच दिसते. पुनर्वाढ बहुतेक पहिल्या वर्षातच होते. तेवढा काळ, हंगाम चालू असला तरी, तपासणीच्या तारखा चुकवू नयेत आणि शेतात रुंद काठाची टोपी व गॉगल वापरावा.