प्रस्तावना : करार उपकंपनीचा, जबाबदारी कुणाची?

मृगाच्या तोंडावर जळगाव जामोदच्या कृषी केंद्रातून बीटी कपाशीची पाकिटे घेऊन शेतकरी घरी जातो, तेव्हा त्या किमतीत कुणाकुणाचा वाटा असतो? मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारने बीजी-2 या बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 800 रुपये ठरवली. त्यातले 49 रुपये तंत्रज्ञानाची रॉयल्टी म्हणून होते. ही रॉयल्टी बियाणे कंपनीमार्फत महिको मोन्सँटो बायोटेककडे जाई. या कंपनीत जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो निम्म्या-निम्म्या भागीदार होत्या. बियाणे कंपन्यांशी तिने केलेल्या करारांतल्या अटी बेकायदा ठरल्या तर जाब करारावर सही करणाऱ्या कंपनीला विचारायचा, की तिच्या मालकांनाही? या पुस्तकाचा विषय हाच आहे. पऱ्हाटी पिकवणाऱ्या मुलखातल्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

कंपनी ही तिच्या भागधारकांपासून वेगळी व्यक्ती, हे तत्त्व इंग्लंडमधल्या 1897 च्या सॉलोमन खटल्यापासून पक्के आहे. त्याच्या आधाराशिवाय अनेकांनी धंद्यात पैसा घातला नसता. पण ते गुंतवणूकदाराला कर्जापासून वाचवण्यासाठी आहे. बाजार वेठीस धरणाऱ्याला आडोसा देण्यासाठी नाही. आपल्या स्पर्धा अधिनियम, 2002 ने हे ओळखले आहे. कलम 2(एच) मधला ‘उद्योग’ स्वतः किंवा उपकंपन्यांमार्फत व्यवहार करणारा असू शकतो, आणि कलम 4 प्रबळ स्थानाचा गैरवापर उद्योगाला तसाच ‘समूहा’लाही मना करते.

महिको मोन्सँटो बायोटेकच्या करारांवरचा स्पर्धा आयोगाचा 10 फेब्रुवारी 2016 चा आदेश इथे बारकाईने वाचण्यासारखा आहे. उप-परवाना घेणाऱ्या बियाणे कंपनीने आधी 50 लाख रुपये भरायचे, ते परत मिळायचे नाहीत. वर रॉयल्टी वेगळी. प्रतिस्पर्धी तंत्रज्ञानाशी हातमिळवणी केली तर कळवायचे. करार संपवण्याच्या अटी तर आयोगाला प्रथमदर्शनी अतिशय कठोर वाटल्या, आणि त्याने महासंचालकांकडे चौकशी सोपवली. आता मालकीची वीण पाहा. मोन्सँटोचा संयुक्त कंपनीत निम्मा वाटा होताच, शिवाय महिकोतही 26 टक्के होता. आणि कायद्यातल्या ‘समूहा’च्या व्याख्येचा उंबरठा तेव्हा नेमका 26 टक्के मतदान हक्कांचा. पण 13 जुलै 2023 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, पेटंटच्या परवान्यांतील अटींचा विषय पेटंट कायद्याच्या कक्षेतला आहे असे म्हणून, ही कार्यवाही रद्द केली. गैरवापर झाला की नाही, याचा निवाडा त्यात झाला नाही. मालकांच्या जबाबदारीचा प्रश्न तर तसाच राहिला, आणि अभ्यासकाला खरे काम इथेच आहे.

युरोपात या वाटेवर बरीच मजल मारली गेली आहे. युरोपीय न्यायालयाच्या अक्झो नोबेल निकालाने (2009) सांगितले, की उपकंपनीची संपूर्ण मालकी असेल तर मूळ कंपनीचा निर्णायक प्रभाव गृहीत धरायचा. तो नव्हता हे तिने सिद्ध करावे. ड्यूपाँ आणि डाऊ यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या कंपनीच्या स्पर्धाविरोधी वर्तनाबाबत 2013 मध्ये दोघींनाही जबाबदार धरले गेले, मात्र त्यांनी प्रत्यक्ष प्रभाव गाजवला होता म्हणून. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. पूर्ण मालकीत कागदपत्रे मूळ कंपनीच्याच कपाटात असतात, तेव्हा पुराव्याचा भार तिच्यावर टाकणे न्यायाचे आहे. नुसत्या 26 टक्क्यांवरून मात्र दंड बसवू नये. दर कुणी ठरवले, संचालक कुणी नेमले, करार कुणी मंजूर केले, हे दाखवायलाच हवे. मालकी आणि हुकूम एकच नव्हेत.

भारतात हा प्रश्न आता पैशानेही मोठा झाला आहे. 2023 च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा उद्योगाच्या जागतिक उलाढालीशी जोडली. ही तरतूद मार्च 2024 पासून लागू आहे. ‘उद्योग’ म्हणजे केवळ इथली उपकंपनी, की सातासमुद्रापलीकडची मूळ कंपनीही, यावर दंडाचा आकडा कितीतरी पट बदलू शकतो. त्यात मालकही बदलतात: जून 2018 मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेतली. आधीच्या मालकाच्या काळातले वर्तन नव्या मालकाला चिकटते का, याचा विचार पुढे सविस्तर येईल.

कायद्याचे शिक्षण नसलेल्या वाचकानेही दबकू नये. आधी 2016 चा आदेश वाचावा, शेजारी कलम 2(एच) आणि कलम 4 उघडे ठेवावे, आणि कोणत्या कंपनीचा कोणत्या कंपनीत किती वाटा आहे याचा नकाशा कागदावर स्वतः काढावा.