जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी प्रत्येक पार्टिशनला नाव द्या

नाशिक : विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ साठी चालत नाहीत. अशा लॅपटॉपवर उबंटू किंवा लिनक्स मिंट फुकटात टाकता येतं. पण टाकताना चुकीचं पार्टिशन फॉरमॅट झालं, तर लग्नाचे फोटो, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, कांद्याच्या हिशोबपट्ट्या सगळं एका क्लिकमध्ये जातं.

गोंधळ का होतो?
विंडोजमध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह दिसतात. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ही अक्षरं नसतात. तिथे 'एसडीए१', 'एसडीए२' अशी नावं येतात. डी आणि ई एकाच साइजचे असतील तर कोणता कोणता, हे कळत नाही. लेबल दिलेलं असेल तर ओळख पटते.

काय करायचं?
१. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.
२. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'रीनेम' करा. लेबल बदलल्याने फाइल्स जात नाहीत, फॉरमॅट केल्याने जातात.
३. प्रत्येकाचं लेबल आणि साइज कागदावर लिहून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर लिनक्सला ते लेबल वाचता येत नाही, तिथे साइजच कामी येते. बिटलॉकरची रिकव्हरी कीसुद्धा लिहून घ्या.
४. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी 'डिस्क्स' किंवा 'जीपार्टेड'मध्ये लेबल तपासा, मगच इन्स्टॉल करा.
५. विंडोज किंवा जुना डेटा ठेवायचा असेल तर 'इरेज डिस्क' निवडू नका, त्याने पूर्ण डिस्क पुसली जाते. ईएफआय नावाचं छोटं पार्टिशनही फॉरमॅट करू नका, विंडोज सुरू होणार नाही.

नाव किती मोठं?
फॅट३२ ला ११ आणि एनटीएफएसला ३२ अक्षरांची मर्यादा आहे. लिनक्सच्या एक्स्ट४ ला १६ बाइट. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, मराठीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी यांना ३-३ बाइट. 'नाशिक' १५ बाइटमध्ये बसतं. 'सिन्नर'ला जोडाक्षरामुळे १८ लागतात, ते बसत नाही. म्हणून लेबल इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि स्पेस न देता लिहिलेलं बरं.

एकच नाव दोन पार्टिशनना देऊ नका. नंतर लेबल बदललं तरी उबंटू सहसा सुरू होतंच, कारण ते पार्टिशन यूयूआयडी नावाच्या वेगळ्या क्रमांकावरून ओळखतं.

लेबल आणि साइज कागदाशी जुळत नसेल, तर 'इन्स्टॉल' दाबू नका. त्या पायरीपर्यंत डिस्कवर सहसा काहीही बदललेलं नसतं.