दुकानात जन्मलेला पंप

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचं गाव आहे. तिथे जेक गंपर या वाण्याच्या दुकानात रॉकेलचं पिंप आणि लोण्याचं पिंप शेजारी शेजारी ठेवलेली असत. रॉकेल झिरपायचं आणि लोण्याला वास लागायचा, असं सांगतात. असं लोणी कोण घेणार? सिल्व्हेनस बाउझरने यावर तोड काढली. ५ सप्टेंबर १८८५ रोजी त्याने गंपरला एक यंत्र विकलं. गोल पिंप, आत लाकडी दट्ट्या, संगमरवराच्या झडपा आणि हाताने ओढायचा दांडा. दांडा ओढला की हवं तेवढंच रॉकेल तोटीतून यायचं, ना सांडलवंड ना वास. पुढे मोटारी आल्या आणि १९०५ च्या सुमाराला बाउझरने हीच युक्ती पेट्रोलसाठी वापरली. आपल्याकडे बांधकामांवर डिझेल पोचवणाऱ्या टँकरला बाउझर म्हणतात, ते त्याच्याच आडनावावरून.

पेट्रोल पंपावर दूध, पाव आणि साबण मिळतो, याचं पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं. कूळ शोधायला गेलं तर गोष्ट उलटी निघते. पंप वाणसामानाच्या दुकानात जन्मला, मोटारींच्या मागे रस्त्यावर गेला आणि ऐंशीएक वर्षांनी दुकानाला घेऊन एकाच छपराखाली नांदू लागला. या प्रवासात त्याचं रूप कितीदा पालटलं! प्रत्येक वेळी त्यामागे कुणाची तरी नाराजी किंवा भीती होती. लोण्याला लागलेला वास ही त्यातली पहिली तक्रार.

सुरुवातीला पेट्रोल कुठेही मिळायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली, तेव्हा तिने वाटेत वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं. अमेरिकेत हार्डवेअरवाले आणि वाणी डब्यातून पेट्रोल विकत आणि मोटारवाला नरसाळं लावून ते टाकीत ओतून घेई. मग दुकानांसमोर पदपथाच्या कडेला पंप उभे राहिले. मोटारींच्या रांगांनी रस्ते अडू लागले आणि भर वस्तीत आगीची धास्ती आली. तेव्हा पंपाला रस्त्यापासून आत, स्वतःची जागा हवी हे ठरलं. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने पिट्सबर्गमध्ये वास्तुविशारदाकडून आखून घेतलेला पंप उघडला. विटांचं, पॅगोडासारख्या छपराचं छोटं बांधकाम, विजेचे दिवे, फुकट हवा, फुकट पाणी. पहिल्या दिवशी ३० गॅलन पेट्रोल खपलं, गॅलनला २७ सेंट या भावाने. धंदा म्हणून फार नाही, पण पंप ही एक स्वतंत्र इमारत असते आणि ती देखणी असू शकते, ही कल्पना तिथे रुजली.

इतरांनी मात्र ती लगेच उचलली नाही. रिकाम्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड आणि दोन पंप टाकले की धंदा सुरू. तेलाने काळी पडलेली जमीन, रचलेले टायर आणि भिंतभर पाट्या, अशी दुकानं वस्त्यांमध्ये उगवू लागली तशी शेजाऱ्यांनी ओरड केली आणि नगरपालिकांनी परवानगी देताना अटी घालायला सुरुवात केली. त्या काळी अमेरिकेत शहरं सुंदर करण्याची मोठी चळवळ चालू होती. अटलांटिक रिफायनिंग कंपनीने फिलाडेल्फियात खांबांच्या ओळी असलेले, ग्रीक देवळांच्या धर्तीचे पंप बांधले ते त्याच हवेत.

मला सगळ्यांत शहाणं वाटतं ते १९२७ मध्ये प्युअर ऑइल कंपनीसाठी कार्ल पीटरसन याने केलेलं काम. त्याने पंपाला इंग्लिश खेड्यातल्या घराचं रूप दिलं. पांढऱ्या भिंती, उभ्या उताराचं निळ्या कौलांचं छप्पर, दोन्ही टोकांना धुरांडी आणि त्या धुरांड्यांवर कंपनीच्या नावातलं 'पी' अक्षर. पुढे आलेली काचेची खिडकी आणि खाली फुलझाडांचे खोके. शेजारच्या बंगल्यांच्या रांगेत ते घरच वाटे, आणि तरीही निळं छप्पर लांबून दिसलं की मोटारवाल्याला कळे की हा प्युअरचा पंप. शेजाऱ्याची मर्जी आणि धंद्याची खूण या दोन्ही गोष्टी पीटरसनने एका छपराखाली आणल्या. यातल्या काही इमारती आजही उभ्या आहेत; कुठे त्यांत दुकान चालतं, कुठे खाणावळ. एखादा धंदा बंद पडल्यावरही त्याची इमारत गावाला हवीशी वाटावी, याहून मोठी पावती नाही.

त्याच सुमाराला काहींनी दुसरं टोक गाठलं. वॉशिंग्टन राज्यातल्या झिला इथे १९२२ मध्ये किटलीच्या आकाराचा पंप उभा राहिला, तर नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलम इथे भल्यामोठ्या शिंपल्याच्या आकाराचा. गाडी थांबवायला ते पुरेसे होते. गिऱ्हाइकाला पुन्हा यावंसं वाटायला मात्र आणखी काही लागतं.

ते काय, हे मंदीने शिकवलं. १९३० च्या दशकात पेट्रोलवर सुटणारे पैसे कमी झाले आणि पंपवाल्यांनी टायर, बॅटऱ्या आणि सुटे भाग विकायला घेतले. विकायचं तर माल दिसायला हवा, म्हणून मोठ्या काचा आल्या. टेक्साको कंपनीने वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरला बोलावलं. १९३७ च्या सुमाराला त्याने आखलेला पंप म्हणजे पांढऱ्याशुभ्र एनॅमलच्या पत्र्यांची चौकोनी पेटी, वरून फिरणाऱ्या तीन हिरव्या रेघा आणि लाल तारे. एनॅमलवर तेलाचा डाग पडला तरी फडक्याने पुसला जाई. दुकान, दुरुस्तीचे गाळे आणि शौचालयं, सगळं एका आराखड्यात बसवलेलं. पुढच्या काळात या नमुन्याचे दहा हजारांहून जास्त पंप बांधले गेले.

शौचालयांचा मुद्दा मुद्दाम सांगतो. लांबच्या प्रवासात गाडी कुठे थांबवायची, हे बरेचदा बरोबरच्या बायका ठरवतात आणि त्या ते शौचालयाकडे पाहून ठरवतात, हे तेल कंपन्यांनी तेव्हाच ओळखलं. टेक्साकोने आपली शौचालयं तपासायला पांढऱ्या मोटारींतून निरीक्षक पाठवले. फिलिप्स कंपनीने १९३९ मध्ये चक्क प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. त्या गावोगावच्या पंपांवर जाऊन स्वच्छता तपासत.

पण ही पांढरीशुभ्र दारं सगळ्यांना उघडी नव्हती. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय प्रवाशांना पेट्रोल मिळे, शौचालयाचं दार मात्र बंद. न्यूयॉर्कमधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून अशा प्रवाशांसाठी कुठे थांबता येईल, खाता येईल, राहता येईल याची यादी छापायला घेतली. 'ग्रीन बुक' या नावाने ती ओळखली जाते, आणि ती एस्सो या तेल कंपनीच्या पंपांवर मिळत असे. एस्सोने कृष्णवर्णीयांना पंपही चालवायला दिले होते. एनॅमल कितीही चकाको, दारातून कुणाला आत घेतात यावर जागेची खरी शोभा ठरते, असं मी या प्रकरणानंतर ठामपणे मानतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत रस्त्यांच्या कडा पाट्यांनी आणि भंगाराने भरून गेल्या. त्याच काळात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने मिनेसोटातल्या क्लोके गावात एक पंप आखला, तो १९५८ मध्ये पुरा झाला. तांब्याने मढवलेलं टोकदार छत पंपांवर झेपावतं आणि वर काचेची खोली, गिऱ्हाइकांना बसायला. पेट्रोलच्या नळ्या छतातून खाली लोंबकळाव्यात अशी त्याची इच्छा होती. अग्निसुरक्षेच्या नियमांनी ती फेटाळली. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभनाच्या कायद्यावर सही केली. त्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा आग्रह होता. याच सुमाराला मोबिल कंपनीने एलियट नॉइस या डिझायनरकडून गोल छत्र्यांचे आणि नळकांड्यांसारख्या पंपांचे नवे आराखडे करून घेतले आणि चर्मायेफ-गाइस्मर या जोडगोळीकडून निळ्या अक्षरांत एकच लाल 'ओ' असलेलं नाव. पाट्या कमी करूनही पंप लांबून ओळखता येतो, हे नॉइसने दाखवलं.

आणि मग दुकान परत आलं. त्याची वेगळी वंशावळ डॅलसमध्ये सापडते. १९२७ मध्ये तिथल्या साउथलँड आइस कंपनीच्या बर्फाच्या धक्क्यावर दूध, अंडी आणि पाव ठेवायला सुरुवात झाली. कारण सोपं होतं. बर्फाचं दुकान इतर दुकानं मिटल्यावरही उघडं असे. १९४६ मध्ये या दुकानांना 'सेव्हन-इलेव्हन' हे नाव मिळालं, सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेवरून. पण पंप आणि दुकान खऱ्या अर्थाने जुळले ते १९६४ मध्ये, कोलोरॅडोतल्या वेस्टमिन्स्टर गावात. जॉन रॉस्को या दुकानदाराने आपल्या दुकानासमोर असे पंप बसवले की गल्ल्यामागे बसलेला माणूस आतून बटण दाबून ते सुरू करी. गिऱ्हाईक बाहेर स्वतःच पेट्रोल भरे आणि पैसे द्यायला आत येई. आत आलं की नजर फळ्यांवर जाणारच. बाहेर पेट्रोल भरणारा नोकर गेला आणि त्याच्या पगाराच्या जागी कॉफी आणि सँडविचचा धंदा आला. न्यू जर्सीत मात्र १९४९ च्या कायद्यामुळे स्वतः पेट्रोल भरायला आजही बंदी आहे. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे पाहुणे आले की त्यांना हे सांगावंच लागतं.

१९७३ च्या तेलसंकटाने उरलेलं काम केलं. दुरुस्तीचे गाळे बंद झाले, त्यांच्या दारांना काचा लागल्या आणि आत शीतकपाटं आली. पंपांवर सपाट, रुंद कॅनोपी चढली. पावसापासून आडोसा हा तिचा उपयोग होताच, पण तिच्या कडेवर कंपनीचा रंग आणि पोटात दिवे बसल्यावर रस्त्यावरून तीच इमारत दिसू लागली आणि मागचं दुकान झाकोळलं. १९८८ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कडक नियम आले आणि गंजक्या टाक्या बदलायला १९९८ च्या डिसेंबरची मुदत पडली. अनेक छोटे पंप तेव्हा मिटले. जे टिकले त्यांनी आवार खणलंच होतं, तर नवं दुकानही बांधून घेतलं. आज अमेरिकेत अशी सुमारे दीड लाख दुकानं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांसमोर पंप आहेत. कित्येकांचे मालक भारतीय आहेत, त्यांत गुजराती जास्त आणि मराठीही.

या दुकानांच्या दर्शनी भागाबद्दल सर्वांत मोलाचं जे शिकायला मिळालं, ते सौंदर्यशास्त्राने शिकवलं नाही. रात्रभर उघडं, एकटा नोकर, गल्ल्यात रोकड, दरोडे पडणारच. १९७० च्या दशकात साउथलँड कंपनीने कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. तो आखताना दरोड्यांसाठी तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांचाही सल्ला घेतला. त्यातून निघालेल्या सूचना साध्या होत्या. काचेवरची पोस्टरं काढा, गल्ला रस्त्यावरून दिसेल असा ठेवा, आवारात उजेड पाडा, गल्ल्यात पैसे कमी ठेवा. जिथे हे केलं तिथे दरोडे कमी झाले. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्झव्हिल शहराने तसा नियम केला आणि पुढे राज्याने कायदा. त्यानुसार रात्री उघड्या दुकानाच्या काचा काळ्या नसाव्यात, आतलं बाहेरून स्वच्छ दिसावं, रात्री गल्ल्यात ५० डॉलरहून जास्त नसतात अशी सूचना लावावी. दारालगत उंची मोजायची खुणांची पट्टीही आली. पळणारा दारातून जाताना किती उंच होता ते नोकराला सांगता यावं म्हणून. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी ती रंगीत पट्टी दाराच्या चौकटीवर नक्की पाहिली असेल.

म्हणजे गिऱ्हाइकाला जे आवडतं तेच नोकराला सुरक्षित ठेवतं : स्वच्छ काच, सारखा उजेड, मोकळी नजर. शीतपेयांच्या कंपन्या फुकट देतात म्हणून चिकटवलेलं प्रत्येक पोस्टर या दोघांच्या विरोधात जातं.

आपल्याकडची गोष्टही रॉकेलपासूनच सुरू होते. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युअलचं 'म्युरेक्स' हे टँकर जहाज सुएझमार्गे पूर्वेकडे आलं. तेल स्वस्त होतं, पण स्टँडर्ड ऑइलचं रॉकेल निळ्या डब्यांतून येई आणि रिकामा डबा लोकांना तेलाइतकाच हवा असे. मग सॅम्युअलनेही चकचकीत लाल डबे बनवून घेतले आणि माल उचलला गेला. त्याच्या कंपनीचं नाव पुढे शेल झालं. रॉकेलचा डबा आपल्या घरांत पाणी तापवायला, धान्य भरायला, तुळस लावायला किती वर्षं वापरला गेला, हे जुन्या पिढीला सांगायला नको. एस्सोचा भारतातला कारभार १९७४ मध्ये सरकारकडे येऊन हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली, १९७६ मध्ये बर्मा शेल गेली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली. पंपांचे रंग बदलले. पुढे भारत पेट्रोलियमने 'इन अँड आउट' दुकानं काढली, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पंपाशेजारच्या फूडमॉलमध्ये वडापावसाठी थांबणं हा प्रवासाचाच भाग झाला.

आपल्या पंपांवर फुकट हवा, पिण्याचं पाणी आणि शौचालय असणं बंधनकारक आहे. कॅनोपीचा रंग कंपनी ठरवते, त्यावर पंपमालकाचं फारसं चालत नाही. पण दुकानाची काच, दिवे आणि शौचालयाची कडी त्याच्या हातात असते. महाराष्ट्रातल्या आणि अमेरिकेतल्या मराठी पंपमालकांना माझी विनंती आहे. नूतनीकरणासाठी ठेकेदाराला बोलावण्याआधी एका रात्री रस्त्याच्या पलीकडे उभं राहून आपलं दुकान बघा. गल्ल्यावरचा माणूस तिथून दिसतो का? नसेल, तर आधी काचेवरची पोस्टरं काढा आणि शौचालयाचं कुलूप उघडा. या दोन कामांना ठेकेदार लागत नाही.