ताबा कुणाचा सुटला?

मराठी वर्तमानपत्रात अपघाताची बातमी वाचली की एक वाक्य हमखास भेटतं : ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं : ‘चालक फरार आहे.’ कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्द उलटसुलट करून बघायची खोड असतेच. पण या वाक्याकडे नीट बघायला मला शिकवलं ते आमच्या मोहल्ल्यातल्या एका ट्रकचालक चाचांनी.

गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत, हे ते मालकाला पंधरा दिवस सांगत होते. मालकाचं उत्तर ठरलेलं, ‘एवढी खेप टाकून ये, मग बघू.’ घाटाच्या उतारावर ब्रेकने दगा दिला आणि एक सायकलस्वार जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, चालकाचा ताबा सुटला. खटला चाचांवर चालला. कित्येक वर्षांनी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, ‘बेटा, गाडी शेठची, माल व्यापाऱ्याचा, रस्ता सरकारचा. गुन्हा तेवढा माझा.’

आता चालकच नसलेल्या मोटारी जगातल्या काही शहरांत धावू लागल्या आहेत. अशा मोटारीखाली माणूस आला तर बातमीत काय लिहायचं? ताबा कुणाचा सुटला? हा प्रश्न नवा वाटतो, पण तो निदान पावणेदोनशे वर्षांचा आहे. गाडी बदलली की तो पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून एक विलक्षण रिवाज होता. त्याचं नाव डिओडँड, म्हणजे ‘देवाला द्यायचं ते’. ज्या वस्तूमुळे माणूस मेला, ती वस्तूच दोषी. बैलाने शिंग खुपसलं तर बैल आणि चाकाखाली माणूस आला तर गाडी सरकारजमा व्हायची, किंवा पंच तिची किंमत ठरवून तेवढे पैसे वसूल करायचे. हे पैसे राजाच्या खजिन्यात जात. मेलेल्याच्या बायकामुलांचा त्यांच्यावर हक्क नव्हता. उलट कायदा असा होता, की जखमी माणूस भरपाई मागू शकतो, पण तो मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. अपंग करणं महाग आणि ठार मारणं स्वस्त, असा हा हिशेब होता.

रेल्वे आली आणि हा हिशेब उघडा पडला. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे लंडनहून ब्रिस्टलकडे निघालेली गाडी रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदलेल्या खिंडीत रुळांवर कोसळलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर आदळली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे इंजिनाच्या मागे आणि मालडब्यांच्या पुढे जोडलेले होते. आठ माणसं जागीच ठार झाली. प्रवाशांत बरेच पाथरवट होते. लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत बांधण्याचं काम सोडून ते नाताळासाठी घरी चालले होते. पंचांनी मृत्यू अपघाती ठरवला, पण इंजिन आणि डबे यांच्यावर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला. कायद्याच्या कागदावर दोषी ठरलं ते इंजिन. पण डब्यांचा क्रम इंजिनाने ठरवलेला नव्हता, ही गोष्ट पंचांनाही ठाऊक असणारच.

पाच वर्षांनी, १८४६ मध्ये, पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने डिओडँड रद्द झाला. दुसऱ्याने, दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. म्हणजे वस्तू निर्दोष सुटली आणि वस्तूमागचा माणूस शोधायचा, असं ठरलं. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ मध्ये, त्याच धर्तीवरचा प्राणांतिक अपघातांचा कायदा हिंदुस्थानात लागू झाला. अपघातात गेलेल्या माणसाच्या विधवेला आणि मुलांना कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क मिळाला, तो तेव्हा.

मग रस्त्यावर वाफेच्या गाड्या आल्या. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने त्यांच्यावर किमान तीन माणसं नेमली. त्यातल्या एकाने लाल बावटा घेऊन साठ यार्ड पुढे चालायचं. वेग शहरात ताशी दोन मैल, बाहेर चार. आज आपण या कायद्याला हसतो. पण त्यात एक शहाणपण होतं. नव्या यंत्राचा धोका टाळण्याचं ओझं त्याने यंत्र आणणाऱ्याच्या माथी ठेवलं होतं, वाटसरूच्या नाही. १८९६ मध्ये मोटारींसाठी ही बंधनं उठवण्यात आली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई प्रात्यक्षिकासाठी फिरवल्या जाणाऱ्या मोटारीखाली सापडून मेली. मोटारीने मारलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी मानली जाते. पंचांनी निकाल दिला, अपघाती मृत्यू. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा तिथल्या कॉरोनरने व्यक्त केली. त्या आशेचं पुढे काय झालं, ते आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो.

चालकाकडून कारखानदारापर्यंत पोचायला आणखी वीस वर्षं लागली. अमेरिकेत मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाच्या ब्यूक मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे चालता चालता मोडले आणि तो जखमी झाला. कंपनी म्हणाली, चाक आम्ही दुसऱ्या कारखान्याकडून घेतलं आणि मोटार यांना विकली ती विक्रेत्याने, आमचा यांच्याशी करारच नाही. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हे म्हणणं फेटाळलं. निष्काळजीपणे बनवली तर जी वस्तू जीव घेऊ शकते, ती बनवणाऱ्याची काळजीची जबाबदारी करारापाशी संपत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मोटारीच्या कायद्यात कारखानदार आरोपीच्या जागी आला तो इथे.

भारतात मात्र आपण दोन वेगळ्या वाटांनी चाललो. एक वाट भरपाईची. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने अपघातग्रस्तासाठी विम्याची सोय आणली. १९८२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन चूक सिद्ध न करताही मृताच्या वारसांना पंधरा हजार रुपये देण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ही रक्कम पाच लाखांवर नेली. ती देतो मालक किंवा त्याचा विमा. ही वाट हळूहळू का होईना, रुंद होत गेली.

दुसरी वाट गुन्ह्याची. तिथे आपण अजून चाचांच्या ओट्यावरच बसलो आहोत. हयगयीने मृत्यू घडवल्याचा आरोप प्रथम येतो तो चाकामागे बसलेल्या माणसावर. नव्या न्याय संहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं पोटकलम आलं, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आपण पाहिल्या. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं.

हा इतिहास सांगितला तो अमेरिकेतल्या एका रात्रीची गोष्ट समजावी म्हणून. १८ मार्च २०१८ ची रात्र, ॲरिझोना राज्यातलं टेंपे शहर. एक बाई सायकल हाताने ढकलत रुंद रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीवरची स्वयंचलित मोटार आली आणि तिला धडकून गेली. ती बाई मरण पावली. पूर्ण स्वयंचलित मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा जीव गेल्याची ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे निघालं ते अस्वस्थ करणारं आहे. मोटारीच्या यंत्रणेला समोर काहीतरी असल्याचं धडकेच्या ५.६ सेकंद आधी कळलं होतं. पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याबद्दल तिचा निर्णय बदलत राहिला. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे गृहीतच तिच्यात घातलेलं नव्हतं. मूळ मोटारीला कारखान्याने बसवलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय संगणक गाडी चालवत असताना बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठी आधी गाडीत दोन माणसं असत. ती कमी करून एकच ठेवली होती. ते एक माणूस, म्हणजे एक बाई, धडकेआधी मोबाइलकडे बघत होती.

मग शिक्षा कुणाला झाली? कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये आरोप ठेवला गेला तो सीटवरच्या बाईवर. २०२३ मध्ये तिने सौम्य केलेला गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक होती, यात शंका नाही. चौकशी मंडळानेही ती मुख्य कारण म्हणून नोंदवली, आणि त्याबरोबर कंपनीच्या ढिसाळ सुरक्षा व्यवस्थेवरही बोट ठेवलं. पण दोनाचं एक माणूस कुणी केलं? ब्रेक कुणी बंद केले? त्या निर्णयांवर सही करणारे कोर्टात आरोपी म्हणून उभे राहिले नाहीत. चालक नसलेल्या गाडीलाही शेवटी एक चालक सापडलाच.

ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा केला, की गाडी मान्यताप्राप्त यंत्रणेच्या ताब्यात असताना ती जशी चालली त्याबद्दल सीटवरचा माणूस गुन्हेगार नाही. उत्तर द्यायचं ते ज्या संस्थेने गाडीची हमी घेतली तिने. अमेरिकेत मायामीच्या ज्यूरीने ऑगस्ट २०२५ मध्ये टेस्लाच्या एका अपघातात चालकाबरोबर कंपनीलाही एक तृतीयांश जबाबदार धरलं. ती मोटार पूर्ण स्वयंचलित नव्हती, चालकाला साहाय्य करणारी होती. तरीही दोष वाटून घ्यावा लागला.

एक गाठ मात्र अजून सुटायची आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीखाली आली. मोटार थांबली आणि पुन्हा निघाली. तिने त्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. या घटनेचा खोटा अहवाल सरकारी यंत्रणेला दिल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं. बैलगाडीच्या अपघाताला वाटेवरचा गुराखी साक्षीदार असायचा. इथे साक्षीदार म्हणजे मोटारीतली नोंद, आणि ती आरोपीच्याच कपाटात.

आपले रस्तेमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं, की चालकांचे रोजगार जातील म्हणून चालकविरहित मोटारी मी देशात येऊ देणार नाही. त्यामागची कळकळ खरी आहे. पण आपोआप ब्रेक लावणाऱ्या, आपोआप रांग धरणाऱ्या मोटारी आपल्या रस्त्यांवर आल्याही आहेत. पाहुणा दारात आल्यावर पाट मांडण्यापेक्षा आधीच घर आवरलेलं बरं. मेलेल्याच्या घरी पैसे आधी पोचावेत आणि चूक कुणाची हा वाद मागाहून व्हावा. गाडीतली नोंद कंपनीच्या हाती न राहता तटस्थ यंत्रणेकडे जावी. आणि ज्याने निर्णय घेतला, त्याचं नाव खटल्याच्या कागदावर यावं. इतिहासाने शिकवलेल्या या तीन गोष्टी कायद्यात लिहायला कुठल्याही नव्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

चाचा आता नाहीत. स्वतःच चालणारी गाडी त्यांनी पाहिली नाही. पाहिली असती तर त्यांनी मला आधी एवढंच विचारलं असतं, ‘बेटा, यात ब्रेक खराब असले तर सांगायचं कुणाला?’ कायद्याची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)