समर्थकथांचें कुळ

विरारहून अर्नाळ्याच्या वाटेस लागलें कीं आम्हांस समुद्रांतील किल्ल्याच्या आधीं बाबूराव अर्नाळकर आठवतात. १९९६ सालीं दिवंगत झालेल्या या लेखकानें हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून कारकून, कामगार आणि शाळकरी पोरें यांस सारखेंच वाचावयास लाविलें. रहस्यकथेंत भूत निघालें तर शेवटच्या प्रकरणांत त्याचा बुरखा उतरावयाचा, हा त्या वाङ्मयाचा सर्वसाधारण दंडक. तो मोडून भुतास भूतच राहूं देणारे आमच्या पिढीचे लेखक म्हणजे नारायण धारप (१९२५–२००८). त्यांच्या समर्थकथा आम्हीं पहिल्यानें वाचल्या त्या वसईच्या वाडींत, वीज गेलेल्या रात्रीं, कंदिलापाशीं. मागें बावखलांत बेडूक ओरडत होते, आणि पान उलटण्यापूर्वीं आम्ही दाराची कडी दोनदां पाहून आलों होतों, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं.

अशा नायकाचें कुळ मूळचें विलायती. १८८२ सालीं लंडनमध्यें अतींद्रिय घटनांच्या संशोधनासाठीं विद्वानांची एक सभा स्थापन झाली, आणि भुताचा विचार प्रयोगशाळेच्या भाषेंत करण्याची चाल पडली. कथेंतही मग वैद्य आणि संशोधक अवतरले. ब्लॅकवूडचा डॉक्टर जॉन सायलेन्स (१९०८) हा धनवान, पण गरिबांकडून फी न घेणारा. हॉजसनच्या कारनॅकीच्या कथा १९१३ सालीं ग्रंथरूप झाल्या. तो विजेच्या नळ्यांचा पंचकोनी तारा मांडून त्यांत बसतो, आणि कांहीं वेळां अखेर माणसाचीच लबाडी उघडकीस आणतो.

धारपांनीं हें कुळ मराठी घरांत आणलें आणि नायकास नांव दिलें ‘समर्थ’. या एका शब्दानें त्यांचें अर्धें काम झालें. विलायती नायकास आपली योग्यता पटवून द्यावी लागते. येथें रामदासांचें नांव ऐकत वाढलेला वाचक आधींच हात जोडून बसलेला! समर्थांपाशीं सिद्धि आहे. पण आम्हांस त्यांची ओढ वाटली ती भेदरलेल्या माणसाचें म्हणणें ते न हंसतां ऐकून घेतात म्हणून. अप्पा जोशींसारखा सहकारी जवळ असल्यानें ते देव्हाऱ्यांतही जाऊन बसत नाहींत.

२० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या दिवसांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस वर्गाबाहेर गांठून विचारलें, “सर, तुम्ही कायद्याच्या बाजूचे, मग समर्थ कसे वाचतां?” तापानें फणफणलेलें मूल दवाखान्याआधीं भगताकडे नेणारीं घरें आम्हीं आमच्याच तालुक्यांत पाहिलीं आहेत, तेव्हां प्रश्न पोरकट नव्हता. भोंदू भीतीवर पोट भरतो, समर्थ भीति घालवितात, असें उत्तर आम्हीं दिलें. त्यावर तो म्हणाला, “पण त्या कथांत अविश्वास दाखविणारा माणूसच चुकतो ना?”

हें खरें आहे. कारनॅकीसारखा अपवाद सोडला तर भूतकथेस हा दोष जन्मतःच चिकटलेला. आम्ही तो झांकूं इच्छीत नाहीं, आणि पुस्तकें कपाटांतून काढूंही इच्छीत नाहीं. त्या विद्यार्थ्यानें जातांना दोन पुस्तकें मागून नेलीं. तीं परत आलीं तेव्हां शंकेखोर पात्र जेथें जेथें तोंडघशीं पडतें, तेथें तेथें समासांत पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढलेलें होतें. तीं आम्हीं पुसलीं नाहींत.