शोकेसमागचा जादूगार

लायमन फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची दोन पुस्तके १९०० साली शिकागोत निघाली. 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ' जगभर पोचले. दुसऱ्याचे नाव 'द आर्ट ऑफ डेकोरेटिंग ड्राय गुड्स विंडोज अँड इंटिरियर्स'. कापडदुकानाची दर्शनी काच आणि आतला भाग कसा सजवावा, हे सांगणारे ते धंद्याचे पुस्तक. ओझच्या वाचकांना त्याची आठवण नसावी हे स्वाभाविकच. पण पहिल्या पुस्तकाचे मर्म मला या दुसऱ्यात सापडते.

बॉम स्वतः दुकानदार होता, तोही बुडालेला. १ ऑक्टोबर १८८८ रोजी त्याने डकोटा टेरिटरीतल्या अ‍ॅबरडीन गावी 'बॉम्स बझार' उघडला. (आपला 'बाजार' तिथे पूर्वेकडच्या झगमगाटाची खूण म्हणून गेला होता, हे जाता जाता.) चिनी मातीची भांडी, खेळणी, शोभेच्या वस्तू असा नाजूक माल, आणि गाव मात्र पिकावर जगणारे. पावसाने हुलकावणी दिली, गिऱ्हाईक उधारीवर आले, बॉमला नाही म्हणवेना. जानेवारी १८९० मध्ये बँकेने दुकान ताब्यात घेतले. मग चालवायला घेतलेले वर्तमानपत्रही गेले. शिकागोला येऊन तो भांड्यांचा फिरता विक्रेता झाला, आणि गावोगावची दुकाने त्याच्या नजरेखालून जाऊ लागली.

काळ अनुकूल होता. काचेची मोठी तावदाने स्वस्त झाली होती. गॅसच्या दिव्याची काजळी आणि कापड पेटण्याची धास्ती विजेने घालवली. नोव्हेंबर १८९७ मध्ये बॉमने 'द शो विंडो' हे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी दुकानाच्या काचा सजवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभारली. नोकराने फावल्या वेळी उरकायचे काम त्याने कसब म्हणून मांडले.

त्याचे सांगणे सोपे होते. काचेमागे सगळे दुकान कोंबू नका. एखाद्या वस्तूभोवती दृश्य उभे करा. काहीतरी हलते ठेवा, कारण हलणाऱ्या गोष्टीपाशी माणूस थबकतो. फिरती चाके, फिरते तारे, यांत्रिक फुलपाखरे हे सारे त्यासाठी. 'अदृश्य होणारी स्त्री' हा त्यातला नामी प्रकार: चौथऱ्यावर कमरेपासून वर दिसणारी जिवंत तरुणी बघता बघता आत नाहीशी होई आणि थोड्या वेळाने नवी टोपी घालून वर येई. वस्तू नुसती आवडून भागत नाही, ती आपली व्हावी असे बघणाऱ्याला वाटले पाहिजे, ही बॉमची कसोटी.

आता ओझकडे वळू. पाचूनगरीच्या वेशीवर रखवालदार प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतो. नगरी हिरवीगार दिसते ती चष्म्यामुळे. १९३९ च्या चित्रपटात हा चष्मा नाही, त्यामुळे ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. पत्र्याचा लाकूडतोड्याही शोकेसमधूनच आला, असे बॉमच्या मुलाने सांगितले आहे: हार्डवेअरच्या दुकानासाठी वडिलांनी कपडे उकळण्याच्या हंड्याचे धड, धुराड्याच्या नळ्यांचे हातपाय आणि नरसाळ्याची टोपी असा माणूस उभा केला होता.

हेन्री लिटलफिल्ड या शिक्षकाने १९६४ मध्ये ही कथा त्या काळच्या सोने-चांदीच्या चलनवादाचे रूपक म्हणून वाचली. ते वाचन खूप रुजले. मला ते ओढूनताणून केलेले वाटते. विल्यम लीच या इतिहासकाराने १९९३ च्या 'लँड ऑफ डिझायर'मध्ये बॉमला उपभोगसंस्कृतीच्या शिल्पकारांत बसवले. हे अधिक जवळचे, पण पुरते पटत नाही. नुसता प्रचारक पडदा पाडून आतला माणूस दाखवील कशाला? बॉमने तो दाखवला आणि तरीही जादूगाराला शिक्षा केली नाही; नगरीतले लोक त्याची आठवण प्रेमानेच काढतात. दुष्काळी गावात नुसता माल दाखवून तो खपत नाही आणि नुसते स्वप्न दाखवून उधारी वसूल होत नाही, हे बुडालेल्या दुकानदाराला माहीत होते.

पुढे १९१६ मध्ये मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' हे किराणा दुकान काढले. काउंटरमागून माल काढून देणारा नोकर गेला. गिऱ्हाईक फिरत्या फाटकातून शिरून, ठरवलेल्या एकाच वाटेने साऱ्या मालासमोरून फिरू लागले. काचेतले प्रदर्शन आतल्या फळ्यांवर आले आणि बोलायचे काम डब्यांवरच्या रंगांवर, नावांवर पडले.

आपल्या साडीच्या दुकानांतून मात्र तो बोलणारा माणूस अजून गेलेला नाही. पुण्यात लक्ष्मी रोडला काचेत पुतळ्यांवर दोन-चार साड्या असतात. खरी मांडणी आत, पांढऱ्या गादीवर. विक्रेता घडी मोडतो, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकतो, "ताई, घेऊ नका, नुसती बघा तर," म्हणतो. चौथऱ्यातली तरुणी लपून जे करी, ते हा सगळ्यांदेखत करतो. ताई बघतात, काठ चाचपतात, मग साडी उचलून दुकानाच्या दारापर्यंत जातात आणि उन्हात धरून रंग पाहतात.