वेढ्यातले दोन व्यवहार : हिब्रू संदेष्ट्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

संदेष्ट्यांच्या ग्रंथांकडे पहिल्यांदाच वळणारा वाचक बहुधा यशयापासून सुरुवात करतो आणि पाचव्या-सहाव्या अध्यायाशी थकतो. शिक्षेच्या घोषणा, परराष्ट्रांची नावे, मध्येच एखादे आश्वासन, पुन्हा शिक्षा. अशा वाचकाला माझे सांगणे आहे की यिर्मयाच्या पुस्तकातले दोनच अध्याय आधी वाचा, चौतिसावा आणि मग बत्तिसावा. क्रम मुद्दाम उलटा सांगतो आहे. राष्ट्राने देवाची आज्ञा मोडली म्हणजे नेमके काय केले आणि तरीही आशा कशाच्या बळावर धरली, हे या दोन अध्यायांत जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

प्रसंग यरुशलेमच्या शेवटच्या वेढ्याचा, इ. स. पू. ५८८च्या सुमाराचा. बाबेलच्या नबुखद्नेस्सराचे सैन्य वेशीशी उभे आहे. सिद्कीया राजा आणि नगरातले प्रतिष्ठित लोक मंदिरात शपथ घेतात की आपल्या घरात राबणाऱ्या हिब्रू दासदासींना मोकळे करू. नियमशास्त्राने सहा वर्षांच्या चाकरीनंतर सातव्या वर्षी त्यांची सुटका सांगितलेलीच होती. पिढ्यान्‌पिढ्या ती कोणी केली नव्हती. वासराचे दोन तुकडे करून त्यांमधून चालत जाण्याचा विधीही यथासांग पार पडला. मग मिसरचे सैन्य येत असल्याची बातमी आली आणि बाबेलच्या फौजेने वेढा उठवला. संकट टळले असे वाटताच धन्यांनी मोकळे केलेल्या माणसांना धरून आणले आणि पुन्हा दास केले. यिर्मया या कृत्याला देवाच्या नावाची विटंबना म्हणतो. मूर्तिपूजेवर तो पुष्कळ बोललेला आहे, पण इथे आरोप आहे तो चाकरांना दिलेला शब्द फिरवल्याचा.

वेढ्याच्या त्याच काळात दुसरा व्यवहार होतो. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. नगर पडणार, हे त्याने स्वतःच सांगितलेले, म्हणूनच तो कैदेत. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. नात्याने तो हक्क यिर्मयाचाच. अनाथोथ यरुशलेमपासून काही किलोमीटरवर, आणि तो सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. अशा जमिनीला गिऱ्हाईक कुठले? यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. उत्खननात सापडलेल्या वजनांवरून शेकेल सुमारे अकरा ग्रॅमचा धरला, तर दोनशे ग्रॅमच्या आतली ही चांदी. साक्षीदार सह्या करतात, खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहरबंद आणि एक उघडी, आणि बारूख लेखनिक त्या मातीच्या मडक्यात ठेवतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे वचन या कोरड्या कागदपत्रांच्या पाठोपाठ येते.

धन्यांनी जो करार मोडला त्याचे उत्तर पाळलेल्या करारानेच दिले आहे, असे मला वाटते. संदेष्ट्यांची आशा म्हणजे शिक्षेनंतरची सांत्वना, असे पुष्कळदा शिकवले जाते. पण इथे आशा शिक्षेच्या ऐन मध्यावर आहे, आणि दोन्ही बोलणारे तोंड एकच आहे.

या क्षेत्रात पुरातत्त्वाची मदत मोठी आहे. १९८२ साली यिगाल शिलो यांच्या उत्खननात यरुशलेमच्या जुन्या भागात मातीच्या मोहरांचे पन्नासहून थोडे अधिक ठसे मिळाले. वेढ्याच्या अखेरीस नगर जाळले गेले तेव्हा दस्तऐवज भस्म झाले, पण त्याच आगीत त्यांवरची कच्ची माती भाजून पक्की झाली. त्यांतल्या एका ठशावर शाफानाचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे, आणि यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात याच नावाचा अधिकारी येतो. बारूखाच्या नावाचा म्हणून गाजलेला ठसा मात्र पुराणवस्तूंच्या बाजारातून आला. तो बनावट असल्याचे आज अनेक तज्ज्ञ मानतात, आणि नव्या अभ्यासकाने अशा वस्तूंपासून लांबच राहावे. दुहेरी दस्ताची पद्धतही खरीच होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली बाबाथा नावाच्या स्त्रीची तशी कागदपत्रे १९६१ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत यिगाएल यादिन यांना सापडली.

देव कोपला म्हणून देश पडला, ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हे. १८६८ साली उजेडात आलेल्या शिलालेखात मवाबचा राजा मेशा हेच सांगतो, की मवाबचा देव कमोश आपल्या भूमीवर कोपला म्हणून इस्राएलने मवाबला गांजले. पण कमोश का कोपला, ते मेशा सांगत नाही. इस्राएलचा देव का कोपला, ते संदेष्टा आमोस सांगतो: खोटी मापे, आणि पायतणांच्या जोडासाठी विकलेला गरीब. कारण सांगण्याचे हे धैर्य, आणि पराभूत लोकांनी स्वतःवरचे हे आरोपपत्र जपून पुढच्या पिढ्यांना वाचायला देणे, यासाठी मी या ग्रंथांपुढे नम्र होतो.

इथेच एक धोकाही आहे. स्वतःच्या लोकांवर प्रेम करणाऱ्याने, त्यांच्यातच राहून, त्यांच्याबरोबर उपाशी राहून केलेला हा आरोप आहे. शतकानुशतके परक्यांनी तो उचलून ज्यू लोकांवर शस्त्रासारखा चालवला, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली. संदेष्टे शिकताना हा इतिहास सोबत ठेवावाच लागतो.

मराठी वाचकाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणून पाळला जाणारा उपास कोकणातले बेने इस्राएल ‘बिरड्याचा रोजा’ या नावाने पाळत आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. आपल्या भाषेत पायाभूत काम झालेले आहे. संदेष्ट्यांवरचे विवेचन मात्र अजून खूप व्हायला हवे, आणि त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. शिलालेख, जमीन-महसूल, कर्ज आणि वेठ यांचा अभ्यास केलेल्यांची इथे फार गरज आहे.

या दोन अध्यायांनंतर यहेज्केल, मग यशयाचा चाळिसावा अध्याय आणि पुढे, असे वाचत गेलात तरी चालेल. इ. स. पू. ५३९मध्ये पर्शियाच्या कोरेशाने बाबेल घेतले, तिथे नेलेले बंदिवान परतू लागले, ५१५च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहिले. पण तिथे थांबू नका. नहेम्याचा पाचवा अध्याय जरूर वाचा. परतलेल्या लोकांमध्येच सावकारी सुरू झाली आहे, शेते गहाण पडली आहेत, मुलीबाळी दास्यात जात आहेत. नहेम्या सावकारांना सभेत उभे करतो, शेते आणि द्राक्षमळे त्याच दिवशी परत करायला लावतो, आणि याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घेववतो.